दुसरा भाग पाहून आल्यावर भांडायचं कसं

आवडत्या सिनेमाचा दुसरा भाग आला की आमच्या इंदिरानगरच्या गटात हमखास दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, होतं नव्हतं ते घालवलं. दुसऱ्याचं म्हणणं, पहिल्यापेक्षा हाच सरस. आम्ही शेजारीपाजारी मिळून सिनेमाला जातो आणि नंतर सोसायटीच्या हॉलमध्ये बसून त्यावर बोलतो. चर्चा घ्यायचं काम माझ्याकडे असतं. सर्वांत रंगलेल्या बैठका दुसऱ्या भागांवर झाल्या आणि माणसं रुसून घरी गेली तीही त्यांच्यावरूनच. तुमचाही असा गट असेल, किंवा घरातच चारजण चार मतांचे असतील, तर मी काय करते ते सांगते.

पहिलं काम सिनेमाच्या आधीचं. प्रत्येकाकडून चिठ्ठी लिहून घ्या: ‘मला यात काय बघायला मिळायला हवं?’ दोन ओळी पुरेत. कागदावरच घ्या, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नको. तिथे पहिल्याने लिहिलं की बाकीचे त्याच्याच सुरात लिहितात. ही चिठ्ठी फार महत्त्वाची आहे, कारण सिनेमा बघून झाल्यावर आपण आधी काय धरून बसलो होतो हे आपल्यालाच नीट आठवत नाही. मनासारखं झालं नाही एवढंच आठवतं.

‘नवरा माझा नवसाचा’ २००४ साली आला. गणपतीपुळ्याला नवस फेडायला निघालेलं जोडपं आणि त्यांच्या एसटीतली माणसं. दुसरा भाग आला २०२४ मध्ये, आणि यात प्रवास होता कोकण रेल्वेचा. पहिल्या भागात अशोक सराफ कंडक्टर होते, इथे ते टीसी झाले. आमच्या एका चिठ्ठीत होतं, ‘तीच मजा परत हवी.’ दुसरीत होतं, ‘तेच तेच नको.’ ही दोन माणसं एकाच रांगेत शेजारी बसून एकच सिनेमा बघणार होती. कुठलाही दिग्दर्शक दोघांना खूश करून पाठवू शकला नसता, आणि हे आम्हाला तिकीट काढायच्या आधीच दिसत होतं.

तिसरी चिठ्ठी नोट प्रेसमधून निवृत्त झालेल्या काकांची. त्यावर एकच शब्द: ‘कंडक्टर’.

चर्चेत काका म्हणाले, मजा नाही आली.
“काका, कोणता प्रसंग खटकला?”
“अगं, सगळंच.”
“सगळंच नको. एक सांगा.”
त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, “एसटीत कसं, सगळे एका डब्यात बंद. कंडक्टर उभा राहिला की तो सगळ्यांना दिसतो आणि त्याला सगळे दिसतात. कोणाला उठून जायला जागाच नाही. गाडीत माणूस दुसऱ्या डब्यात निघून जातो गं. मग भांडण तापणार कुठून?”

सिन्नर ते नाशिकरोड वर्षानुवर्षं एसटीने ये-जा केलेला माणूस बोलत होता. ‘मजा नाही आली’ यावर कोणी काय बोलणार? पण डब्याच्या या मुद्द्यावर कॉलेजात जाणारी एक मुलगी लगेच उत्तर द्यायला सरसावली. तिच्या मते गाडीत नवीन माणसं सहज आणता येतात, हाच फायदा. अर्धा तास दोघं त्यावरच बोलत होती. म्हणून माझा नियम पक्का आहे: ‘पटकथा ढिली’, ‘आत्मा हरवला’ असली वाक्यं प्रसंग सांगितल्याशिवाय चालणार नाहीत.

दुसरं काम, पहिला भाग आठवडाभर आधी पूर्ण बघा. टीव्हीवर येता-जाता तुकड्यातुकड्यांत पाहिलेला नको, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पुष्कळदा आपल्या लक्षात चारपाच प्रसंगच असतात आणि दुसऱ्या भागाची तुलना आपण त्या निवडक चारपाचांशी करतो. पहिल्यातही रेंगाळलेल्या जागा असतातच. त्या पाहून गेलात की निवाडा जरा न्याय्य होतो. आदल्या रात्री मात्र बघू नका, डोक्यात ताजे संवाद घेऊन बसलात की नवीन काही ऐकूच येत नाही.

आता फळ्याविषयी. हॉलमधल्या फळ्यावर मी तीन रकाने आखते: ‘शक्यच नव्हतं’, ‘मुद्दाम केलं’, ‘जमलं नाही’. प्रत्येक तक्रार यांपैकी एकात बसवायची.

‘झपाटलेला’ १९९३ चा, दुसरा भाग २०१३ चा, थ्रीडीमध्ये. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले होते. तेव्हा ‘लक्ष्या नाही’ हे दुःख खरं आहे, माझंही आहे, पण ते पहिल्या रकान्यात जातं. त्याचा राग महेश कोठारेंवर काढता येत नाही.

‘मुद्दाम केलं’ हा रकाना सर्वांत कठीण. ‘जोकर’ २०१९ मध्ये आला आणि जगभरात त्याने शंभर कोटी डॉलरच्या वर कमाई केली. २०२४ च्या दुसऱ्या भागात त्याच दिग्दर्शकाने, टॉड फिलिप्सने, गाणी आणली आणि नायकाला कोर्टात उभं केलं. अमेरिकेत पहिल्या खेळाच्या प्रेक्षकांनी या दुसऱ्या भागाला ‘डी’ श्रेणी दिली. हे चुकून झालेलं नाही, तो निर्णय होता. पण मुद्दाम केलं म्हणून ते आपोआप चांगलं ठरत नाही. या रकान्यात काही आलं की पुढचा प्रश्न विचारायचाच: ठरवलं ते पडद्यावर उतरलं का? काही गोष्टी मग सरकून तिसऱ्या रकान्यात जातात.

आकड्यांपासून चर्चेआधी लांब राहा. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’चं उदाहरण मी नेहमी देते. सिनेमांवरची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर समीक्षकांची पसंती नव्वद टक्क्यांच्या वर, तिथल्याच प्रेक्षकांची पन्नासच्या खाली, आणि थिएटरात पहिल्या दिवशी कागदावर मतं घेणाऱ्या सिनेमास्कोरची श्रेणी ‘ए’. तिन्ही आकडे एकाच सिनेमाचे. समीक्षकांचा टक्का एवढंच सांगतो की कितीजणांचं मत अनुकूल होतं. सिनेमा किती आवडला हे तो सांगत नाही. सिनेमास्कोर विचारतो पहिल्याच दिवशी उत्साहाने आलेल्यांना. आणि रॉटन टोमॅटोजवर तेव्हा तिकीट न काढताही मत देता येत होतं. तिकीट घेतलेल्यांची मतं वेगळी मोजायला त्यांनी २०१९ मध्ये सुरुवात केली. कोणाला विचारलं यावर उत्तर एवढं बदलतं, तर फोनवरचा आकडा दाखवून समोरच्याचं तोंड बंद करणं मला तरी मंजूर नाही.

बैठक त्याच रात्री घेऊ नका. सिटी सेंटर मॉलमधून घरी येताना गाडीत जो तो बोलतोच, तेवढं बोलू द्या. आम्ही रविवारी सकाळी बसतो. चर्चेआधी बंद चिठ्ठीने मत घ्यायचं, आवडला की नाही, आणि शेवटी हात वर करून पुन्हा एकदा. सुरुवात ज्याला सिनेमा आवडला त्याने करायची. तक्रारीला श्रोते पटकन मिळतात, आणि तिच्यानंतर ‘मला आवडला’ म्हणायला आमच्यातल्या धीट माणसांनाही अवघड जातं. मग सिनेमाआधी लिहिलेली आपापली चिठ्ठी ज्याने त्याने स्वतः वाचायची, दुसऱ्याची कोणी वाचायची नाही.

शेवटी काहीजण कुठल्याच बाजूने हात वर करत नाहीत. त्यांना तिथल्या तिथे बोलायला लावू नका. पुढच्या आठवड्यात जिन्यात भेटले की विचारा, तोवर त्यांना एखादा प्रसंग नक्की आठवलेला असतो.