दारूमुक्तीसाठी जवळची मीटिंग शोधताना
अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मद्यपाशातून बाहेर पडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ मध्ये सुरू झाली. तिच्या समूहांची यादी संघटनेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर मिळते; मात्र मीटिंगची जागा आणि वेळ अधूनमधून बदलत असल्याने निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्यावी, कारण मोठ्या मुश्किलीने मनाची तयारी करून गेलेला माणूस बंद दारावरून परतला, तर तो पुन्हा येईलच असे नाही.

फोनवर मीटिंग खुली आहे की बंद, हेही विचारावे. खुल्या मीटिंगला नातेवाईक किंवा मित्राला सोबत नेता येते, तर बंद मीटिंग दारू सोडू इच्छिणाऱ्यांपुरतीच असते. फी नसते, आडनाव सांगावे लागत नाही आणि पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसून नुसते ऐकले तरी चालते. प्रत्येक समूहाचा सूर वेगळा असल्यामुळे एका अनुभवावरून मत न बनवता दोन-तीन ठिकाणी जाऊन पाहावे, असे मला वाटते. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनचे स्वतंत्र समूह असतात.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्याही आधीची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि प्रसंगी ते जिवावर बेतते. म्हणून अशा व्यक्तीने डॉक्टरांना भेटून, त्यांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी.