पॉप-अप कॅम्परचं छत एका कोपऱ्यातून अडकलंय? वायर बदला, पण खरं काम त्याच्या पुढे आहे

बडोद्यात आता बऱ्यापैकी लोकांकडे पॉप-अप कॅम्पर, म्हणजे छत वर उचलून आत राहता येणारे ट्रेलर, दिसायला लागलेत, बहुतेक मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, कुणाकडून तरी बनवून घेतलेले, आणि दोन-तीन पावसाळे झाले की सगळ्यांची तक्रार एकच, छत वाकडं उठतंय, किंवा उठतच नाही, किंवा अर्ध्यात येऊन खट्ट करून थांबतं. माझा स्वतःचा ट्रेलर आणि ओळखीतल्यांचे मिळून हे काम मी बऱ्याच वेळा केलंय. व्हिडिओ बघून लोक जे करतात ना, ते बघून जीव खालीवर होतो, म्हणून सगळं नीट लिहितोय.

आधी तुमची सिस्टिम कोणती ते बघा. अमेरिकन व्हिडिओत दिसतं ते तुमच्याकडे असेलच असं नाही. कोलमन या अमेरिकन कंपनीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत नळीच्या आतून एक लांब स्प्रिंग ढकलली जाते आणि ती पोस्टला, म्हणजे कोपऱ्यातल्या एकात एक नळ्या असलेल्या खांबाला, वर चढवते, आपल्याकडे जे बनतात त्यात बहुतेक साधी वायर आणि पुलीच असते. पुढे हँड विंच, म्हणजे हाताने फिरवायचा वायर गुंडाळणारा ड्रम, त्यावर एक मोठी वायर, ती गाडीखालच्या एका लोखंडी पट्टीला ओढते, पट्टीला चार बारीक वायर, प्रत्येक वायर एका कोपऱ्याच्या पोस्टमध्ये शिरते, वरच्या पुलीवरून फिरून आतल्या नळीच्या बुडाला अडकते. पट्टी पुढे सरकली की चारही नळ्या वर. माझ्या ट्रेलरमध्ये मुख्य वायर 6 मिमीची आहे आणि कोपऱ्याच्या 4 मिमीच्या. पुढच्या दोन कोपऱ्यांच्या वायर आधी मागे जातात, पुलीवरून वळून परत पुढे येतात, म्हणून त्या मागच्यांपेक्षा बऱ्याच लांब असतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काय बिघडलंय ते ओळखायला पाच मिनिटं लागतात. विंच फिरतोय पण काहीच हलत नाही, तर मुख्य वायर गेली किंवा विंचचा गिअर. तीन कोपरे उठतात, एक बसून राहतो, तर त्या कोपऱ्याची वायर. वर गेलेलं छत आपोआप हळूहळू खाली येतंय, तर विंचचा ब्रेक. ब्रेकवाल्या विंचच्या डिस्कला तेल किंवा ग्रीस कधीच लावायचं नाही. तिथे घर्षणच काम करतं, आणि कुणीतरी चांगल्या मनाने तेल मारतो आणि छत खाली येतं.

आता टेकू. छत वर असेल तर आहे तिथे, खाली असेल तर चार जण घेऊन किंवा जॅक लावून वर करा, आणि चारही कोपऱ्यांना लाकडाचे धिरे द्या, आधीच मापाने कापून ठेवलेले, विटा किंवा रंगाचे डबे नाही. माझ्या ट्रेलरचं छत साधारण 110 किलोचं आहे, त्याच्याखाली मान गेली तर दुसरी संधी नाही. ट्रेलरची चाकं अडवा, चासी स्टँडवर घ्या. याच्यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

जुनी वायर काढताना घाई करू नका. तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधा, मग ओढा, म्हणजे दोरी आपोआप त्या रस्त्याने आत जाईल आणि नवी वायर तिला बांधून परत ओढता येईल. वायर मधेच तुटली असेल तर इलेक्ट्रिशियन पाईपातून वायर ओढायला जी स्टीलची पट्टी वापरतात ती उसनी आणा.

वायर घेताना दुकानदार प्लास्टिक चढवलेली दाखवेल, दिसायला छान, हाताला टोचत नाही. घेऊ नका. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा माझा ट्रेलर कारेलीबागेत मेव्हण्यांच्या प्लॉटवर उभा होता, पाणी चासीच्या वर होतं. पाणी ओसरल्यावर आधी लांबूनच काठीने खाली ढोसून बघितलं कारण त्या दिवसांत मगरी सोसायट्यांमधून निघत होत्या, मग चिखल धुतला, आणि वरून बघायला सगळ्या वायर ठीक. महिनाभराने एक तुटली. प्लास्टिक कापून बघितलं तर आत नुसती तांबडी भुकटी. ज्या वायरचा गंज डोळ्याला दिसत नाही ती छताला लावायची नाही, बस. उघडी गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसची घ्या, आणि 7 गुणिले 19 ची मागा, म्हणजे सात पिळांची आणि प्रत्येक पिळात एकोणीस तारा, ती पुलीवर नीट वाकते. 7 गुणिले 7 वाली कडक असते, लहान पुलीवर तिच्या तारा लवकर तुटतात. पुलीवरच वायर मरते हे कायम लक्षात ठेवा, पोस्टच्या तोंडाशी कापडाचा तुकडा वायरवरून फिरवा, धागा अडकला तर तार तुटलीय, आणि एक तार तुटली म्हणजे बाकीच्यांचा नंबर लागलाच. एक बदलताना चारही बदला. पुली घट्ट झाली असेल, खाच पडली असेल, तर तीही.

कापायच्या आधी टेप गुंडाळा आणि ग्राइंडरच्या पातळ डिस्कने कापा, छिन्नी-हातोडीने टोक पिसारतं आणि मग फेरूलमध्ये, म्हणजे टोकाचा लूप पक्का करायला वायरवर दाबतात त्या धातूच्या छोट्या नळीत, शिरत नाही.

टोकाला थिंबल, म्हणजे लूपच्या आत बसणारी धातूची खाचेची कडी, घालूनच लूप करायचा. पोस्टच्या आत जागा नसते म्हणून तिथे दाबलेला फेरूल, आणि स्टेनलेस वायर असेल तर तांब्याचा, ॲल्युमिनियमचा नको, ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. फेरूल हातोडीने ठोकायचा नाही!! माझ्या पहिल्या कारीगराने ठोकला होता, म्हणाला चालशे, आणि दुसऱ्या सहलीला पावागढच्या पायथ्याशी रात्री अकराला तो सुटला. क्रिम्पिंगचं, म्हणजे फेरूल दाबायचं, हत्यार भाड्याने मिळतं. फेरूलच्या कडेला वायरवर रंगाची एक रेघ मारून ठेवा, रेघ आणि फेरूलमध्ये फट दिसली की वायर सरकतेय. पट्टीच्या बाजूला जागा असते, तिथे बुलडॉग क्लॅम्प, म्हणजे यू-बोल्ट आणि बैठक यांच्यात वायर आवळणारे, चालतात, तीन लावा, आणि यू-बोल्टचा वाकडा भाग वायरच्या छोट्या सुट्या टोकावर आला पाहिजे, बैठक भार घेणाऱ्या बाजूवर. बाजारात निम्मे क्लॅम्प उलटे लावलेले दिसतात. विंचच्या ड्रमवर छत पूर्ण खाली असतानाही तीन वेढे शिल्लक राहतील एवढी मुख्य वायर ठेवा.

आता जिथे सगळे फसतात ते. मीही फसलो, दोन वेळा.

वायर बसल्या, छत उठलं, पण एक कोपरा 15-20 मिमी खाली आहे. मग माणूस काय करतो, त्या कोपऱ्याचा टर्नबकल, म्हणजे फिरवून वायर आखूड-लांब करायचा आट्यांचा तुकडा, कसतो. थोडा वर आला, आता दुसरा खाली वाटतो, तो कसतो. मी अशी अख्खी दुपार घालवली होती. शेवटी शेवटी तर मी टर्नबकल फिरवत होतो आणि टेपवर आकडा हलतच नव्हता, तरी मी फिरवत राहिलो, कारण डोक्यात एकच, की खाली आहे म्हणजे अजून कसायला पाहिजे. छताची ॲल्युमिनियमची चौकट पिळली गेली, आणि तो पीळ अजून पूर्ण गेला नाही, त्या बाजूच्या तंबूच्या कापडाची झिप आजही ओढून लावावी लागते.

कारण समजून घ्या. छत म्हणजे एक कडक चौकट, आणि तिला चार आधार. घरातला चौरंग आठवा, चारही पाय जवळजवळ सारखे असतात तरी डुगडुगतो, कारण बसतो तो तीन पायांवर किंवा तिरक्या दोन पायांवर. छत तसंच आहे, फक्त उलटं, वरून टांगलेलं. चारही कोपऱ्यांची उंची टेपने सारखी आली तरी सगळं वजन दोन तिरक्या वायर घेत असतील आणि उरलेल्या दोन नुसत्या लोंबत असतील. वजन चौघांनी घ्यायचं ते दोघं घेतात, आणि त्यांच्यातली एक आधी तुटते. लोक म्हणतात नवी वायर एका वर्षात कशी तुटली, माल खराब होता. माल बरेचदा चांगला असतो.

म्हणून मी आता असं करतो. कोपऱ्यांना नंबर द्या, पुढचा डावा 1, पुढचा उजवा 2, मागचा उजवा 3, मागचा डावा 4. म्हणजे 1-3 एक तिरकी जोडी, 2-4 दुसरी. नव्या वायर जुन्यांच्या मापाने कापायच्या नाहीत, जुन्या ताणलेल्या असतात. पोस्ट पूर्ण खाली, पट्टी पूर्ण मागे बांधलेली, आणि टर्नबकल निम्मे उघडे, अशा स्थितीत प्रत्येक वायर जागेवरच हाताने ताणून माप घ्यायचं.

मग छत फक्त 150 मिमी उचला. पूर्ण खाली असताना माप घेण्यात अर्थ नाही, छत बॉडीवर टेकलेलं असतं, सैल वायर कळतच नाही. पूर्ण वरही नको. 150 वर धिरे ठेवा पण छताला टेकवू नका, 20 मिमी कमी उंचीचे, म्हणजे छत वायरवरच लटकलेलं राहील आणि काही सुटलं तर धिऱ्यावर येईल. बॉडीच्या काठापासून छताच्या काठापर्यंत चारही ठिकाणी टेप लावा, कागदावर लिहा. स्पिरिट लेव्हल वापरू नका, तुमचं पार्किंगच उताराचं असेल तर लेव्हल काय सांगणार.

आता नियम, आणि हा मोडायचा नाही: एकटा टर्नबकल कधी फिरवायचा नाही. 1 नंबर खाली असेल तर 1 कसा आणि जेवढा कसला तेवढाच 3 सैल करा, कारण कडक चौकटीत 1 खाली म्हणजे 3 वर गेलेला असतो. अख्खी पुढची बाजू खाली असेल तर 1 आणि 2 दोन्ही सारखे कसा. एम8 च्या टर्नबकलला दोन्ही टोकांना 1.25 मिमीचे आटे असतात, एक उजवा एक डावा, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात वायर 2.5 मिमी आखूड होते. अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने जा आणि प्रत्येक वेळी लिहा, लक्षात राहील असं वाटतं पण राहत नाही. चारही मापं 5 मिमीच्या आत आली की उंची झाली, त्याच्यामागे अजून धावू नका.

पण काम संपलं नाही, इथेच लोक उठून चहा प्यायला जातात. गाडीखाली जा आणि पट्टी ते मागच्या पुल्या या भागात चारही वायर हाताने बाजूला ओढून बघा. हीच जागा का, तर इथे चारही जवळजवळ सारख्या अंतराच्या असतात, म्हणून तुलना खरी होते. 1 आणि 3 ताठ आणि 2 आणि 4 ढिल्या लागल्या, तर 2 आणि 4 दोन्ही अर्धा अर्धा फेरा कसा. वर छत हलणार नाही, टेप तेच दाखवेल, पण वजन वाटलं जाईल. चारही हाताला सारख्या लागेपर्यंत करा. आणि टर्नबकल जड फिरतोय पण वर काही हलत नाही असं झालं तर थांबा, तुम्ही चौकट पिळताय.

150 वर सगळं बरोबर आहे पण वर नेताना छत वाकडं होत जातं, तर ते वायरच्या लांबीचं दुखणं नाही. पट्टी तिरकी सरकतेय, किंवा वायर पुलीच्या बाहेर पडलीय, किंवा एखादी नळी गंजून घासतेय. ते शोधा. टर्नबकलने झाकलेला दोष पुढे महागात पडतो.

यानंतर रिकामं छत दहा वेळा वरखाली करा. नवी वायर बसताना थोडी लांबते, आणि पुढच्या दोन लांब आहेत म्हणून त्या जास्त लांबतात, त्यामुळे पुढची बाजू थोडी खाली येणारच. परत मोजा, परत हाताने बघा, मग टर्नबकलचे चेकनट, म्हणजे तो आपोआप फिरू नये म्हणून असलेले नट, घट्ट करून बारीक तारेने बांधा. पहिल्या सहलीनंतर आणखी एकदा. आम्ही केवडियाला जाऊन आलो की मी दुसऱ्या दिवशी सकाळी हेच करतो.

खाली आणतानाची एक गोष्ट. विंच उलटा फिरवताय आणि छत खाली येत नाहीये, तर हात थांबवा. नळी अडकलीय, आणि तुम्ही फिरवत राहिलात तर वायर ढिली होऊन पुलीवरून उतरते, ड्रमवर गुंता होतो, आणि मग कुणी छताला नुसता हात लावला की ते एकदम धाडकन येतं. एका ओळखीच्या घरी असंच झालं, मुलगा दारात उभा होता, त्याच्या आईने त्याला पाणी प्यायला आत बोलावलं म्हणून तो बाजूला झाला. खाली आणताना दुसऱ्या माणसाला वायरवर नजर ठेवायला सांगा आणि मुलांना लांब ठेवा, दर वेळी.

पुलीच्या पिनांना ग्रीस, नळ्यांना फक्त कोरडा सिलिकॉन स्प्रे, तिथे ग्रीस लावलं तर आपल्याकडची धूळ चिकटून त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते. आणि पावसाळ्याआधी, मे महिन्यात, कापडाचा तुकडा चारही वायरवरून फिरवून घ्या.