कॅम्पसवर जीव जडलाय? मग झाडांची वही घाला

ठाणे-नवी मुंबईकडे येऊरच्या पायथ्याशी किंवा पारसिकच्या डोंगराला लागून कॉलेज असलं की प्राध्यापकांना बदलीचं नावही नको असतं. पण नव्या इमारतीचा नाहीतर पार्किंगचा प्रस्ताव आला, की ‘आपलं आवार किती सुंदर आहे’ या वाक्याला मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही. झाडांच्या तारीखवार नोंदी मात्र टाळता येत नाहीत.

गेटपासून डिपार्टमेंटपर्यंतच्या वाटेवरची दहा-बाराच झाडं घ्या. सगळं आवार मोजायला निघालात तर पहिल्या इंटर्नलपर्यंत वही बंद पडते. क्रमांकासाठी खिळा ठोकू नका, जखमेतून बुरशी शिरते; ऑइलपेंटने अंक रंगवा.

खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, शिंप्याच्या टेपने घ्या. उतारावर झाड असेल तर उंची चढाच्या बाजूने धरा. त्याखालीच दोन खोडं फुटली असतील तर दोन्ही वेगळी मोजा. टेप तिरकी गेली की घेर जास्त भरतो, आणि पुढच्या वर्षी झाड चक्क बारीक झालेलं दिसतं! वर्षातून एकदा, दरवर्षी त्याच महिन्यात मोजलं की पुरे.

मोहराची नोंद मात्र दर आठवड्याला, ठरल्या वारी. पालवी, कळ्या, फुलं, फळं यांपुढे ०, १ किंवा २ लिहा: नाही, थोडं, भरपूर. टक्केवारी नको, दोघांची कधी जुळत नाही. खरी गोची सुट्ट्यांची. सातविण दिवाळीच्या आसपास फुलते, बहावा आणि ताम्हण एप्रिल-मेमध्ये, नेमके तेव्हा आपण गावी. माळीकाकांना किंवा वॉचमनना ठरल्या वारी प्रत्येक झाडाचा एक फोटो पाठवायला सांगा. फुलं नसताना गुलमोहर आणि सोनमोहोर यांत गल्लत होते, तेव्हा शेंगा बघा: गुलमोहराची हातभर लांब, टणक, सोनमोहोराची बोटाएवढी, चपटी, तांबूस.

बुंध्याशी पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट भिडलं असेल तर तेही लिहा. मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि पावसाळ्यात उन्मळणारी झाडं पुष्कळदा अशीच असतात. चारी बाजूंनी मीटरभर माती मोकळी करून घ्या. आवार खासगी असलं तरी झाड तोडायला महाराष्ट्राच्या १९७५च्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

सगळ्यांत दुर्लक्षित रकाना लागवडीच्या वर्षाचा. याच कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांपुढचं झाड हेरिटेज वृक्षात मोडतं. नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली १९७० साली, म्हणजे तिथली सुरुवातीची लागवड आता त्या वयाला टेकतेय. उभ्या झाडाचं वय नजरेने सांगणाऱ्यावर विसंबू नका. कॉलेजचे जुने वार्षिक अंक आणि एनएसएसचे अहवाल काढा. वृक्षारोपणाचा फोटो तारखेसकट सापडला, तर त्या पानाची झेरॉक्स झाडाच्या क्रमांकापुढे चिकटवा.