निरीक्षणाचा पाठ आणि हिवाळ्यातले तुटलेले तास: या चुका टाळा

हिवाळा आला की वेळापत्रक भिंतीवरच राहतं. धुक्यामुळे शाळा उशिरा भरते, स्नेहसंमेलनाच्या तालमींना अर्धा वर्ग जातो, क्रीडास्पर्धा असतातच, उरलेल्यांतली काही मुलं सर्दी-खोकल्याने घरी. नेमकी याच दिवसांत पाठ निरीक्षणं लागतात, म्हणजे मुख्याध्यापक किंवा निरीक्षक मागे बसून आपला पाठ बघतात, आणि दरवर्षी त्याच त्या चुका दिसतात. सगळ्यात महागात पडणारी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

छोट्या तासात अख्खं टाचण कोंबणं

एका जानेवारीत शाळा तासभर उशिरा भरली. ३५ मिनिटांची तासिका २० मिनिटांवर आली आणि माझा निरीक्षणाचा पाठ पहिल्याच तासाला. विषय भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, प्रस्तावना, कागदी पट्ट्यांची कृती, दोन नमुना उदाहरणं, सराव, स्वाध्याय. मी काहीच गाळलं नाही, नुसता वेग वाढवला. घंटा झाली तेव्हा फळा भरला होता आणि पाठ छान झाला असं मला वाटत होतं.

मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर बसले होते. शेजारच्या मुलीची वही त्यांनी माझ्यापुढे धरली. ३/४ + १/६ = ४/१०. अंशात अंश मिळवलेला, छेदात छेद. खाली तीच चूक आणखी तीनदा. "बाई, तुम्ही या बाकापर्यंत आलाच नाहीत," एवढंच ते म्हणाले.

३/४ हेच मुळात अर्ध्याहून जास्त, आणि तिचं उत्तर अर्ध्याहून कमी. "उत्तर अर्ध्यापेक्षा जास्त यायला हवं की कमी?" असं विचारलं असतं तर तिची तिलाच चूक सापडली असती. मिनिटभराचं काम. ते मिनिट मी स्वाध्याय उतरवून देण्यात घालवलं होतं.

तेव्हापासून टाचणावर मी पेन्सिलीने एक आडवी रेघ मारते. तास छोटा झाला तर इथे थांबायचं. रेघेच्या वर माझं एक उदाहरण, मुलांनी वहीत सोडवायचं एक, आणि शेवटच्या बाकापर्यंत एक फेरी. बाकी सगळं खाली. कृती कितीही आवडती असली तरी खाली.

निरीक्षणासाठी वेगळा पाठ बसवणं

नवे शिक्षक विचारतात, "ताई, निरीक्षणाला कुठला पाठ घेऊ?" त्या दिवशी जो यायचा आहे तोच घ्या. आधी शिकवलेला पाठ पुन्हा घेतला की प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर होतात, आणि मागे बसलेल्याला ते लगेच कळतं. मोबाइलवर फिरत आलेलं तयार टाचणही तसंच. त्यात तुमच्या वर्गातली मुलं नसतात. मला जास्त वाईट याचं वाटतं की पाहुण्यांसमोर खोटं वागायचं असतं, हे आपण मुलांना स्वतः शिकवतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी सगळ्यांना चांगला शेरा हवा असतो, मलाही हवा होता, पण त्यासाठी ही वाट नको.

स्वतःच विचारून स्वतःच उत्तर देणं

निरीक्षक समोर असले की वर्गातली शांतता अंगावर येते आणि आपण उत्तर देऊन मोकळे होतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी १ सेकंदच थांबत होते. थांबणं ३ सेकंदांवर गेलं की उत्तरं लांबली आणि आपणहून बोलणारी मुलं वाढली. मी मनात चारपर्यंत आकडे मोजते. सुरुवातीला जड जातं, पण जमतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी नवा धडा काढू नका. विस्मरण सुरुवातीलाच झपाट्याने होतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये मोजून दाखवलं आहे. पुस्तक मिटून जुन्या धड्यावरचे पाच प्रश्न आधी. कडाक्याच्या थंडीत आल्या आल्या लिहायला लावू नका, मुलांची बोटं आखडलेली असतात, पेन्सिलही धड धरता येत नाही. सुरुवात तोंडी करा. पोर्शन भरून काढायला खेळाचा तास मागून घेऊ नका, कधीच. आणि तास छोटा झालाय, निम्मा वर्ग तालमीला गेलाय, हे निरीक्षकांना पाठाआधी सांगा. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

निरीक्षकांच्या शेऱ्यावर सही करून वही मिटणारे तर पुष्कळ. त्याच दिवशी निरीक्षकांना जाऊन भेटा आणि विचारा, "मागची मुलं काय करत होती?" तिथून त्यांना जे दिसतं ते फळ्यापाशी उभं राहून दिसत नाही. त्यांना वेळ नसेल तर उद्याची वेळ तिथेच ठरवून घ्या. या दिवसांच्या गडबडीत ती भेट राहूनच जाते.