ग्रुपवर गाणं टाकताना
नुसती लिंक टाकून "ऐकाच" लिहिलंत तर कोणी ऐकत नाही, खरंच. त्यापेक्षा नेमकं काय आवडलं ते एका ओळीत लिहा. समजा किशोरीताईंचा (किशोरी आमोणकर) भूप राग ऐकताय, तर विलंबित (संथ) की द्रुत (जलद), ताल कुठला एवढं सांगा आणि मग म्हणा की पाचच सूर आहेत, मध्यम-निषाद (म आणि नी) नाहीतच, तरी गंधारावर (ग) त्या कशा थांबतात ते बघा. कॉम्प्युटरवर यूट्यूबच्या शेअरमध्ये 'स्टार्ट ॲट'ला टिक केलं की लिंक त्याच जागेपासून उघडते, लांबलचक ख्याल पाठवताना हे कराच, नाहीतर लोक सुरुवातीच्या संथ आलापातच पळतात (त्यांचंच नुकसान, पण असो). तबल्यावर, पेटीवर कोण आहे तेही टाका, त्यांना कोणी विचारत नाही. आणि दिवसाला एकच, प्लीज.