परिसंस्थेची आकृती काढताना या चुका टाळा

उत्तरपत्रिका तपासताना सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक एका बाणाची असते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप ही साखळी विद्यार्थी बिनचूक लिहितात आणि बाण मात्र सापाकडून बेडकाकडे काढतात, कारण त्यांच्या मनात ‘साप बेडकाला खातो’ हे वाक्य घोळत असते. बाण ऊर्जेची वाट दाखवतो, म्हणून त्याचे टोक खाणाऱ्याकडेच हवे. ‘कोण कोणाच्या पोटात गेले?’ एवढे स्वतःला विचारले तरी हा गोंधळ मिटतो.

त्यानंतरचा घोटाळा 10 टक्क्यांचा आहे, म्हणजे अन्नसाखळीच्या एका पातळीवरची सुमारे 10 टक्केच ऊर्जा पुढच्या पातळीवर पोहोचते या नियमाचा. परिसंस्थांचे अभ्यासक रेमंड लिंडेमन यांनी अमेरिकेतील एका तळ्याच्या अभ्यासावर 1942 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून पुढे रूढ झालेला हा आकडा ढोबळ सरासरीचा आहे. प्रत्यक्षात तो साधारण 5 ते 20 टक्क्यांच्या दरम्यान हलतो. त्यामुळे 10,000 वरून 1,000, 100 आणि 10 असे गणित सोडवायला हरकत नाही, पण ‘उरलेली 90 टक्के ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते’ हे वाक्य लिहू नये. माळावरचे सगळे गवत गाय खात नाही, खाल्लेले सगळे पचत नाही आणि पचलेल्यातला मोठा वाटा श्वसनात, शरीराची ऊब टिकवण्यात खर्च होतो. न पचलेली ऊर्जा शेणात शिल्लक असते, नाहीतर गोबरगॅसवर चहा उकळलाच नसता.

याच गोबरगॅसकडे नीट पाहिले तर ‘ऊर्जेचे चक्र’ हा चुकीचा शब्दप्रयोगही आपोआप सुटतो. शेगडीवर वायू जळाला की गवताने सूर्यप्रकाशातून साठवलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते आणि कोणतीही वनस्पती ती पुन्हा अन्नात बांधू शकत नाही. टाकीतून बाहेर पडणाऱ्या मळीतले नत्र आणि स्फुरद मात्र शेतात परततात. चक्र पोषकद्रव्यांचे असते, ऊर्जेचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. अन्नसाखळीच्या पातळ्या एकावर एक रचून मनोरा काढताना विघटकांना (जिवाणू, बुरशी) त्याच्या शेंड्यावर बसवण्याची सवयही सोडावी, कारण ते प्रत्येक पातळीवरचे मृत अवशेष खातात. संख्येचा मनोरा उलटा असू शकतो, कारण एकाच उंबरावर हजारो कीटक जगतात. ऊर्जेचा मनोरा कधीच उलटा होत नाही.

सजीवांमधील संबंध लिहिताना वेगळीच गफलत होते. प्रत्येक संबंध म्हणजे ऊर्जेची देवाणघेवाण असे गृहीत धरून गायबगळ्याकडे गायीकडून बाण काढला जातो. चरणाऱ्या गुरांच्या पायांमुळे गवतातले नाकतोडे उडतात आणि बगळा ते टिपतो, म्हणजे त्याच्याकडे जाणारा बाण नाकतोड्याकडून निघायला हवा. गाय आणि बगळा यांच्यात सहभोजिता आहे, म्हणजे एकाला फायदा आणि दुसऱ्याला ना फायदा ना तोटा, पण त्या जोडीत बाणाला जागा नाही.

झाडावर उगवलेल्या प्रत्येक वनस्पतीला बांडगूळ म्हणणे ही तर आपल्या बोलण्यातूनच आलेली चूक आहे. सीतेची वेणी हे आमर (ऑर्किड) झाडावर वाढते, पण त्याची मुळे सालीच्या बाहेरच राहतात आणि ते यजमानाकडून काही काढून घेत नाही. बांडगुळाची शोषक मुळे आंब्याच्या फांदीत शिरून मुख्यतः पाणी आणि क्षार ओढतात, परंतु हिरव्या पानांमुळे ते स्वतःचे अन्नही तयार करते. म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात आणि पिवळ्या, पानांविना दिसणाऱ्या अमरवेलीच्या पंक्तीत ते बसत नाही. शिवाय त्याची फळे खाणारा फुलटोच्या चिकट बी फांदीवर पुसून टाकतो, तेव्हा आंब्याच्या लेखी जो परजीवी, तोच या पक्ष्याच्या लेखी उपकारक ठरतो; संबंध लिहिताना दोन्ही जातींची नावे घेतल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. प्रत्यक्ष ओळख पटवायची असेल तर जोड पाहावा. तिथे फांदी गाठीसारखी फुगलेली असेल आणि पुढचा भाग वाळत चालला असेल, तर ते बांडगूळच. बागायतदार ते नुसते उपटत नाहीत, जोडाच्या खालून फांदीच छाटतात.