आमच्या कॅम्परचे जुने मालक असे सापडले

इंग्लंडमधल्या लेस्टरला राहतो. १९७२ची फोक्सवॅगन कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली व्हॅन) घेतली, पण विकणाऱ्याला तिचा मागचा इतिहास काहीच ठाऊक नव्हता. पुढच्या सीटमागची पत्र्याची छोटी पट्टी घासून पाहिली. त्यावर चासी नंबर आणि कारखान्याचे कोड असतात, मालकांचा पत्ता नाही! सरकारी लॉगबुकातही (गाडीच्या नोंदणीपत्रात) फक्त मीच.

वाट सापडली ती एमओटीच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक चाचणीच्या नोंदींत. २००५पासूनच्या चाचण्या ऑनलाइन फुकट दिसतात. लॉगबुकवरचा ११ आकडी क्रमांक टाकला की कुठल्या गॅरेजात चाचणी झाली तेही कळतं. (२०१८पासून चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक गाड्यांना चाचणीची सक्ती नाही, त्यामुळे आमच्या नोंदी तिथेच थांबलेल्या.) सलग सहा वर्षं एकच गॅरेज! फोन केला. मेकॅनिकने नाव सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. म्हणाला, पत्र पाठव, मी पोचवतो. पत्रात गाडीचा फोटो आणि माझा नंबर घातला.

तीन आठवड्यांनी एका आजींचा फोन आला. पहिलाच प्रश्न: “पडदे आहेत का अजून?” मागच्या पडद्याची अर्धी शिवण निळी, अर्धी लाल का, ते तेव्हा कळलं. निळा दोरा संपला होता.